बाईचं चित्र वर्गात लावलं आणि चर्चा फसली, त्यावर थोडं सविस्तर

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सर सिंधुदुर्गात एका हायस्कूलला आठवीला मराठी शिकवतात, 8 मार्चच्या आठवड्यात त्यांनी वर्गात तीन चित्रं लावली, एक कुकरची जुनी जाहिरात, एक रविवर्म्याच्या चित्राचं कॅलेंडर आणि एक डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीचा पर्यटनाचा फोटो, आणि मुलांना विचारलं की या चित्रांमधून स्त्रीवर कसा अन्याय होतो ते सांगा. मागच्या बाकावरची मुलं हसली, दोघंतिघंच बोलले, मुली मान खाली घालून बसल्या, आणि शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, मुलींना एसटीचा पास फुकट, आम्हाला नाही, मग अन्याय कोणावर?" सरांना तिथे उत्तर सुचलं नाही. आता ते विचारतायत की चुकलं कुठे, चित्राचा अर्थ लावायचा कसा, आणि पुरुष शिक्षकाने हा विषय घ्यावा की बाईंकडे द्यावा.

शेवटचं आधी सांगते. तुम्हीच घ्या. हा विषय दरवर्षी बाईंच्याच गळ्यात पडतो, त्यामुळे मुलांना वाटतं हे बायकांचं बायकांपुरतं काहीतरी आहे, आणि एक पुरुष फळ्यापाशी उभा राहून चित्रातल्या बाईचे हात नीट बघतोय हे बघणंच आठवीतल्या मुलासाठी मोठं शिक्षण आहे.

आता चुकलं कुठे. मी रत्नागिरी जिल्ह्यात 26 वर्षं मराठी आणि चित्रकला शिकवतेय आणि सुरुवातीची काही वर्षं मी पण हेच करत होते, म्हणून खात्रीने सांगते, चूक तुमच्या प्रश्नात होती. "अन्याय कसा होतो" असं विचारलं की निकाल आधीच लागलेला असतो, मुलांना फक्त त्याला कारणं जोडायची असतात. हुशार मुलं ओळखतात की सरांना काय ऐकायचंय आणि तेवढं बोलून मोकळी होतात, बाकीची हसतात कारण त्यांना त्यात करण्यासारखं काही उरतच नाही. आणि मुली गप्प का बसल्या? कारण त्या क्षणी सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. चित्रातल्या बाईकडे कोणी बघतच नव्हतं. "स्त्री" म्हटल्याबरोबर वर्गातल्या बावीस मुली उदाहरण होऊन बसतात, आणि उदाहरण झालेला माणूस बोलत नाही.

तीन चित्रं पण जास्त झाली. एका तासाला एकच चित्र घ्या.

माझा एक तास सांगते, कोळणीच्याच चित्राचा, कारण ते आपल्याकडे कुठेही मिळतं, हॉटेलच्या भिंतीवर, एसटी स्टँडच्या बोर्डावर, गॅदरिंगच्या बॅनरवर. मी एक कॅलेंडरचं पान लावलं होतं, काष्टा, अंबाड्यात गजरा, गळ्यात सोनं, कमरेवर एक हात, डोक्यावर पाटी, मागे नारळ आणि समुद्र. पहिली दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही असं ठरवलेलं. मग फक्त काय दिसतं ते सांगायचं, काय वाटतं ते नाही, आणि ज्याने सांगितलं त्याने पुढे येऊन चित्रावर बोट ठेवायचं. पहिल्यांदा सगळं नेहमीचंच आलं, साडी हिरवी आहे, गजरा आहे, हसतेय. आणि मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर माझ्या तासाला फार बोलली नव्हती, ती म्हणाली, "बाई, ही मासेवाली न्हाय, हिचे हात बगा, कोरडे हायत." तिची आई रोज पहाटे बंदरावर जाणारी. त्यानंतर तो वर्ग माझा राहिलाच नाही. कोण म्हणालं पाटीखाली चुंबळ नाही, चुंबळीशिवाय पाटी कशी राहील, कोण म्हणालं पाटीतून पाणी गळत नाहीये, कोण म्हणालं हिच्याकडे पैशाचा बटवा कुठाय, एक मुलगा म्हणाला ही चालत नाहीये, हिला कोणीतरी उभी केलीय. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं. "हिला कोणीतरी उभी केलीय." कोणी? का? कोणाला दाखवायला?

बघा, चित्राचा अर्थ लावणं म्हणजे एवढंच. आधी डोळ्याला काय दिसतंय, मग त्यावरून आपण काय समजतोय, मग ते कोणी कोणासाठी केलंय, आणि सगळ्यात शेवटी त्यातून काय गाळलंय. हा क्रम उलटा केला की भाषण होतं. परदेशात कलासंग्रहालयांमधून शिकवण्याची एक पद्धत आहे, अबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी बसवलेली, त्यात शिक्षक जवळजवळ तीनच प्रश्न विचारतो: या चित्रात काय चाललंय, असं तुला कशावरून वाटतं, आणि अजून काय दिसतं. मी यातला मधला प्रश्न उचलला आणि तो सोडलेला नाही. "कशावरून?" मुलगा म्हणाला ही बाई गरीब आहे, कशावरून? मुलगी म्हणाली ही दुःखी आहे, कुठे दिसतं ते दाखव. यामुळे दोन गोष्टी होतात. एक, टवाळी बंद होते, कारण टवाळीला चित्रात पुरावा दाखवता येत नाही. दुसरं, "प्रत्येकाचं मत बरोबर" ही जी पळवाट आपण शिक्षक काढतो ती पण बंद होते. मतं वेगवेगळी असू देत, त्या कोळणीला एकीने कणखर म्हटलं आणि एकीने शोभेची बाहुली म्हटलं, दोघींनी चित्रातलं दाखवलं, दोन्ही मतं मी फळ्यावर ठेवली. पण ज्याला चित्रात बोट ठेवायला जागा सापडत नाही ते मत त्या दिवशी फळ्यावर जात नाही, मग ते मुलाचं असो, मुलीचं असो की माझं.

आणि गाळलेल्याचा प्रश्न, तो विसरू नका, खरा गाभा तिथे आहे. त्या कॅलेंडरवरच्या कोळणीत सौंदर्य आहे, ठसका आहे, पण धंदा नाही. आमच्या मुलांनी हर्णैच्या किनाऱ्यावरचा लिलाव बघितलेला असतो, बाया तिथे बोली लावतात, बर्फाचा हिशोब, टेम्पोचं भाडं, उधारी कोणाची किती सगळं डोक्यात ठेवून भाव पाडतात. गॅदरिंगच्या कोळीनाचात हे कुठे येत नाही, तिथे कोळीण लाजते आणि मुरडते. मला त्या नाचाबद्दल तक्रार नाहीये, मुली मनापासून नाचतात आणि छान नाचतात, पण वर्गात विचारायला हवं की लिलावातली कोळीण स्टेजवर का येत नाही. त्याच वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "बाई, कोळीण म्हटलं की नेहमी अशीच का दाखवतात, आमच्यात कोण काष्टा नेसत नाही." मुस्लिम मच्छीमार घरातली मुलगी. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला गेलात तर अशी कितीतरी कुटुंबं पिढ्यानपिढ्या मासेमारीत आहेत, आणि त्यांच्या बायका कुठल्याच पोस्टरवर नाहीत. मी इतकी वर्षं हे चित्र लावत होते आणि हे मला दिसलं नव्हतं, त्या मुलीने दाखवलं.

रविवर्म्याचं चित्र वेगळ्या दिवशी घ्या आणि त्याला छापखान्याच्या बाजूने शिरा. 1894 ला मुंबईत घाटकोपरला त्यांचा छापखाना निघाला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून रंगीत छापील चित्रं घराघरात गेली. देवघरात, दिवाणखान्यात, पुढे कॅलेंडरवर एका ठराविक चेहऱ्याची, गोऱ्या रंगाची, भरल्या अंगाची बाई म्हणजे सुंदर बाई असं डोळ्यांना वळण लागायला ही छपाई मोठं कारण आहे. मुलांना सांगा घरातल्या सगळ्या कॅलेंडरवरच्या बायकांचा रंग बघून या. एवढं पुरतं. देवीच्या चित्रापासून मात्र सुरुवात करू नका, घरी निरोप वेगळाच पोचतो आणि मग चर्चा देवीवर होते, चित्रावर होत नाही.

जाहिरातीसाठी अदलाबदलीचा खेळ चांगला. अर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात शेकडो जाहिराती समोर ठेवून बायकांना कसं उभं करतात, हात कसे असतात, कोण उंच कोण खाली, कोण नजर लावून बघतं आणि कोण भलतीकडे हरवल्यासारखं बघतं याच्या नोंदी केल्या होत्या. बाई वस्तू धरत नाही, तिला नुसती बोटं टेकवते, ही त्याची नोंद मुलांना सांगितली की ती घरी जाऊन मासिकं चाळतात. कुकरच्या जाहिरातीत बाईच्या जागी पुरुष तसाच उभा करा, त्याच पोझमध्ये, तसंच हसू, तशीच मान तिरकी. हसायला येतं. मग हसू द्या, आणि हसून झालं की विचारा, कशाला हसलात? इथे थांबायचं आणि खरंच उत्तर ऐकायचं.

पण सर, तुमच्या सिंधुदुर्गात तर याच्याहून भारी गोष्ट आहे, दशावतार! परंपरेने सगळी पात्रं पुरुषच करतात, स्त्रीपार्टी करणारा नट दिवसा शेतात नाहीतर रिक्षावर असतो आणि रात्री जत्रेत द्रौपदी होऊन उभा राहतो आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाया डोळे पुसतात. तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाने हे बघितलेलं आहे. तर मुलांना विचारा की तो पुरुष आहे हे माहीत असून आपल्याला बाई कशामुळे दिसते? साडी तर आहेच, पण नुसती साडी नेसून बाई दिसत नाही. पदर सावरणं, पावलं लहान टाकणं, मान कलती, बोलण्याआधी थोडं थांबणं, बसताना अंग चोरणं. यादी करा फळ्यावर. मग पुढचा प्रश्न: यातलं जन्माने येतं काय आणि शिकावं लागतं काय? जर एक पुरुष नट हे मेहनतीने शिकू शकतो तर आपल्या मुली पण हे कुठेतरी शिकल्याच असतील, कोणी शिकवलं, कधी, "नीट बस" हे तुला पहिल्यांदा कोणी सांगितलं? मी हा तास घेतला तेव्हा मुली एकीमागून एक बोलायला लागल्या, आणि मजा म्हणजे मुलं पण, "रडू नको" आम्हाला कोणी सांगितलं ते. यात त्या कलेची चेष्टा होणार नाही एवढं सांभाळा, तो नट मोठा कलावंत आहे हे पहिल्या वाक्यातच सांगा. आणि वर्गात एखादा मुलगा हळू आवाजाचा, बायकी म्हणून चिडवला जाणारा असतोच, त्याला नकला करायला पुढे बोलवू नका, कोणी बोलवायला लागलं तर तिथेच थांबवा.

आता शेतकरी. हे तर कराच करा. डेव्हिड चेंबर्स नावाच्या संशोधकाने मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेतलं होतं, 1983 ला ते छापून आलं, 4,807 मुलांपैकी फक्त 28 जणांनी बाई शास्त्रज्ञ काढली आणि त्या 28 ही मुलीच होत्या. ते वाचून मी आमच्या वर्गात "शेतकऱ्याचं चित्र काढा" असं सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी मुंडासं, धोतर, खांद्यावर नांगर. आमच्याकडे मुंडासं घालून कोण शेती करतं? आमच्या गावात पिढ्यानपिढ्या पुरुष मुंबईला, गिरणीत, नंतर 1982 च्या संपानंतर जिथे मिळेल तिथे, आणि मागे तरवा काढायला, लावणीला, कापणीला, झोडणीला कोण तर आजी, आई, काकू. मनीऑर्डर यायची त्यावर घर चालायचं असं आपण म्हणतो, पण भात मनीऑर्डरने उगवत नव्हतं. मी मुलांना विचारलं तुमच्या शेतात लावणीला कोण कोण होतं, नावं लिहा. मग म्हटलं आता चित्र पुन्हा काढा. दुसऱ्या वेळेला इरलं घेऊन वाकलेल्या बायका आल्या, तोंड न दिसणाऱ्या, नुसत्या पाठी. एका मुलाने खाली लिहिलं, "माझी आजी (शेतकरी)". ते चित्र मी अजून ठेवलंय. मग आम्ही पुढे गेलो, सातबारावर नाव कोणाचं? हे घरी विचारून या असं सांगण्याआधी मात्र विचार करा, कोकणात सातबारा म्हणजे भाऊबंदकी, पोराने विचारलं तर घरात भलताच वाद निघतो. मी शेवटी एक कोरा नमुना घेऊन शिकवलं, आणि सांगितलं की हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने 1994 ला दिला आणि देशभर तो 2005 च्या दुरुस्तीने आला. नववीतल्या मुलींना हे माहीत नव्हतं. मुलांनाही नव्हतं.

पाठ्यपुस्तकातलं चित्र हवं असेल तर 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र घातलं होतं, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. ते आणि एखादं जुनं पुस्तक, आई चुलीपाशी आणि बाबा पेपर वाचतायत असं, शेजारी शेजारी ठेवा. आणि मुलं म्हणाली की बाबा घरी भाजी निवडत नाहीत, चित्र खोटं आहे, तर रागावू नका, उलट तो फार चांगला प्रश्न आहे: चित्राने जे आहे ते दाखवावं की जे असावं ते? मला स्वतःला वाटतं पुस्तकाने दोन्ही दाखवावं, पण मी हे वर्गात शेवटी सांगते, आधी नाही.

आकडे द्यायचे तर 2019 च्या सरकारी वेळवापर पाहणीतले द्या, घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97. गणिताच्या सरांना सोबत घ्या, कारण इथे एक बारकी गोष्ट आहे, ही सरासरी फक्त त्या दिवशी ते काम केलेल्यांची आहे. आणि काम केलेल्या बायका 81.2 टक्के तर पुरुष 26.1 टक्के. म्हणजे बाकीचे पुरुष त्या 97 मध्ये नाहीतच. मुलांना हे कळलं की ती गप्प होतात आणि मग स्वतःच्या घरातली मिनिटं मोजायला लागतात, सांगावं लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला जो भाग तुम्ही विचारलाच नाही तो. चर्चा बाईबद्दल आणि बोलणारे फक्त मुलगे, हे चालेल का? स्त्रीपुरुष समानतेचा तास जर वर्गातच समान झाला नाही तर चित्र कोणतंही लावा. मी एकदा एका मुलीला मागे बसवून नुसत्या रेघा ओढायला सांगितल्या होत्या, बाई कोणाला विचारतात, काय विचारतात, कोणाचं बोलणं मध्येच तुटतं. तास झाल्यावर कागद बघितला आणि मला वाईट वाटलं. मी मुलींना म्हणत होते "वाच", आणि मुलांना विचारत होते "का?" मुलींना फळा पुसायला आणि रांगोळीला, मुलांना प्रोजेक्टर लावायला. मी स्वतः, बाई असून! तेव्हापासून हे मोजणं दर महिन्याला करते, मुलगा किंवा मुलगी आळीपाळीने मोजतात.

काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो नावाच्या शिक्षणसंशोधक बाईंनी वर्गांमध्ये मोजलं होतं, शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतो, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद फार वाटतात वर्गात, मनातल्या मनात मोजा. दुसरं, आधी दोघादोघांत बोलू द्या, मग एकाने दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं, त्यामुळे लाजणाऱ्या मुलीचं म्हणणं तरी वर्गापर्यंत पोचतं आणि मुलाला दुसऱ्याचं ऐकावं लागतं. चिठ्ठ्या पण चालतात, नाव न घालता. पण कायम चिठ्ठ्यांवर ठेवू नका, तोंडाने बोलायची सवय व्हायला हवी. आणि "मुली, तुम्हाला काय वाटतं?" असं सगळ्या मुलींना एकगठ्ठा कधी विचारू नका, मुलांना आपण असं विचारतो का कधी?

तो एसटी पासवाला मुलगा. त्याला उत्तर द्यायलाच हवं, आणि मला तो मुलगा आवडला, कारण त्याने न्यायाचा प्रश्न विचारला, बाकीचे नुसते हसत होते. त्याला म्हणा, बरोबर आहे, पास मुलींनाच आहे, का असेल शोधूया. वाडी ते हायस्कूल सहा-सात किलोमीटर, घरात पास काढायला पैसे एकाचेच असतील तर पूर्वी कोणाचा काढायचे, हे आजीला विचारून ये. तुझ्या घरात सातवीनंतर शाळा कोणाची सुटली, आत्याची की काकाची? माझ्या वर्गात एक मुलगा विचारून आला, त्याच्या चार आत्यांपैकी एकही हायस्कूलला गेली नव्हती आणि दोन्ही काका मॅट्रिक. त्याने ते स्वतः उभं राहून सांगितलं. आणि समजा एखादा गरीब मुलगा म्हणाला की माझ्या घरी पण पैसे नाहीत, तर त्याचंही खरं आहे, त्याला गप्प करू नका, मुलीची अडचण खरी म्हणून त्याची खोटी होत नाही. संविधानाचं कलम 15 काढून दाखवा, लिंगावरून भेदभाव करू नये असं पण तिथेच आहे आणि स्त्रिया आणि बालकांसाठी खास तरतूद करता येईल असं पण तिथेच. दोन्ही वाक्यं एकत्र का ठेवली असतील यावर एक अख्खा तास जातो.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. असे तास सुरू झाले की कधीतरी एखादं मूल घरातलं काहीतरी सांगतं, मारहाणीचं किंवा त्याहून वाईट. ते वर्गात उलगडू द्यायचं नाही. तिथे शांतपणे म्हणायचं आपण नंतर बोलू, आणि खरंच त्याच दिवशी बोलायचं, एखाद्या बाईंना सोबत घेऊन, मुख्याध्यापकांना सांगून. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर वर्गात आधीपासून लावलेला असू दे. लैंगिक छळाचं काही असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, घरचे काय म्हणतील यावर ते थांबत नाही. आणि कोणाची आई मासे विकते, कोणाची काजू फॅक्टरीत जाते, हे तुम्ही स्वतः वर्गात काढू नका, मुलांनी काढलं तर त्यांचं. माझ्या त्या मुलीने स्वतः काढलं म्हणून तिचा आवाज तसा आला, मी तिला "तुझी आई मासे विकते ना, सांग" असं म्हटलं असतं तर ती वर्षभर पुन्हा बोलली नसती.

पालकांपैकी कोणी विचारायला आलं तर चित्र आणि फळ्याचा फोटो दाखवा. मी दरवेळी फळ्याचा फोटो काढून ठेवते. एकदा एक वडील चिडून आले होते, मुलीच्या डोक्यात काय भरवता म्हणून, त्यांना मी तेच कॅलेंडरचं पान दाखवलं आणि विचारलं, यात काय दिसतं? ते खलाशी. बघत राहिले आणि म्हणाले, "पाटी भरलेली नाय." मग बसले, चहा घेतला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच वर्ग घेणार असाल तर मागच्या तासाची माफी वगैरे मागू नका, नवीन सुरू करा. कोळणीचाच फोटो न्या, मोठा प्रिंट काढून, मोबाईलवर दाखवू नका, मागच्या बाकाला दिसत नाही आणि मागचा बाक तिथेच सुटतो. बाकं गोल करता आली तर करा. एका मुलाला मोजायला बसवा, तोच पासवाला बसवा. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, तुम्ही पण नाही.